मदत हवी आहे: आईच्या इम्प्लांटला हाडाची पावडर कुठली घालावी?
आमची आई निपाणीची, माळकरी, वय ६४, शुगर आहे, आणि मिश्री काय सुटत नाही बघा. खालच्या दोन दाढा काढल्या, आता इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर नकली दात) करायचं तर डॉक्टर म्हणाले हाड झिजलंय, ग्राफ्ट घालायला लागंल, म्हणजे हाडाची पावडर, ती बऱ्याचदा गाईच्या हाडापासनं करतात! आईनं ऐकलं आणि खुर्चीवरनं उठलीच. सिंथेटिक पण मिळते म्हणे, हायड्रॉक्सीअपेटाइट नाहीतर ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची. बेळगाव, चिकोडीकडं कुणी ती घालून घेतलीय काय? टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसायला ३ ते ६ महिने जातात म्हटले, शुगरवाल्यांना किती लागले? एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ९ आहे, ते आधी खाली आणा म्हटलेत. आणि मिश्री कशी सोडवलीत तेवढं सांगा की.