शब्दचर्चा : सील 'कात टाकतो' म्हणायचं का?

रानवाट : हत्ती सीलवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. 'मोल्ट'ला काय लिहावं? कात साप टाकतो, पक्ष्यांची पिसं झडतात, कुत्र्याचे केस गळतात. सीलचं काय?

खारफुटी : हत्ती सीलला 'कात टाकणं' चपखल बसतं. त्याचे नुसते केस गळत नाहीत, त्वचेचा वरचा थरच केसांसकट पापुद्र्यांनी सुटतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर माद्या एप्रिल-मेच्या सुमारास त्यासाठी येतात आणि जवळजवळ महिनाभर उपाशी पडून राहतात. नवी त्वचा यायला रक्त थेट कातडीपर्यंत खेळावं लागतं. थंड पाण्यात तसं झालं तर अंगातली ऊब निघून जाईल, म्हणून कोरडी वाळू. लक्तरं लोंबताना पाहून बघ्यांना वाटतं, जनावर आजारी आहे. मंक सीलचंही असंच. हार्बर सीलला मात्र 'केस झडणं' पुरे.

रानवाट : आणि फर सील?

शिंपला : तिथे 'हळूहळू केस बदलणं' लिहा. त्याची ऊब मुख्यतः दाट लोकरीत असते, ती एकदम झडली तर पाण्यात उतरायची सोय नाही. म्हणून बदल काही महिने रेंगाळतो. शिवाय नावात सील असला तरी तो जलसिंहाच्या कुळातला. खूण सोपी : बाहेर दिसणारे छोटे कान, आणि मागचे पाय पुढे वळवून चारही पायांवर चालणं. खऱ्या सीलचे मागचे पाय वळत नाहीत, तो पोटावर सरपटतो.

खारफुटी : शिकारीच्या परिच्छेदातही हा फरक सांभाळा. हत्ती सील मारले ते चरबीच्या तेलासाठी, फर सील कातड्यासाठी. 1911 चा अमेरिका, ब्रिटन, जपान, रशिया यांचा करार फर सीलसाठी होता. हत्ती सील ग्वादालुपे बेटावर जेमतेम उरले होते, त्यांना मेक्सिकोने 1922 मध्ये संरक्षण दिलं. सरसकट 'सीलची कातडी' लिहिलंत की दोन्ही इतिहास बिघडतात.

शिंपला : 'सील मासा' तर कुठेही नको. 'देवमासा' रुळून बसलाय, त्याला इलाज नाही. पण हा अस्वल-पाणमांजराच्या गणातला मांसाहारी सस्तन प्राणी आहे. यंत्राचं भाषांतरही तपासा, 'हार्बर सील'चा 'बंदराचा शिक्का' होतो. शिक्क्याचं सील लॅटिनमधून आलं, प्राण्याचं नाव जुन्या इंग्रजीतलं. दोघांचा संबंध नाही. मराठीत लिंगाने भागतं : शिक्का 'ते सील', प्राणी 'तो सील'.