मदत हवी आहे: 1789-90 मध्ये ऱ्होड आयलंड राज्य कायद्याने नेमकं कुठे होतं?

अकरावीला अमेरिकेची राज्यघटना शिकवतेय आणि एका मुद्द्यावर अडलेय. 1781 च्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'मधल्या (म्हणजे तेरा राज्यांच्या महासंघाच्या पहिल्या घटनेतल्या) तेराव्या कलमानुसार, कुठलाही बदल करायचा तर तेराही राज्यांच्या विधिमंडळांची संमती हवी. आयात मालावर 5 टक्के जकात बसवायचा प्रस्ताव 1782 मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने अडवला, तो याच अटीमुळे. 1787 मध्ये फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेला त्यांनी प्रतिनिधीही पाठवला नाही. तिथे तयार झालेल्या घटनेच्या सातव्या कलमात मात्र नऊ राज्यांची मंजुरी पुरेशी ठरली, तीही विधिमंडळांची नाही, खास अधिवेशनांची!

वॉशिंग्टननी 30 एप्रिल 1789 ला पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली तेव्हा नॉर्थ कॅरोलिना आणि ऱ्होड आयलंड नव्या संघाच्या बाहेरच होते. ऱ्होड आयलंड तर 29 मे 1790 पर्यंत.

'फेडरलिस्ट' या नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या लेखमालेतले 40 आणि 43 हे मॅडिसनचे लेख वाचले. एकाने करार मोडला की बाकीचे मोकळे, हा त्याचा युक्तिवाद समजला. पण तो बाहेर पडणाऱ्यांच्या बाजूचा झाला. मागे राहिलेल्यांचं काय, ते त्यातून नीट उलगडत नाही. नवी घटना का आली त्याची शेज्‌चा उठाव, अ‍ॅनापोलिसची बैठक ही कारणं माहीत आहेत, ती नकोत. इंग्रजी संदर्भ चालतील, फक्त मोफत वाचता येणारे सांगा. तास सोमवारी आहे.

त्या तेरा महिन्यांत ऱ्होड आयलंड कायद्याने जुन्या महासंघाचं सदस्य होतं, की स्वतंत्र देश?