हाताखाली शिकलेल्या मुलाला माझ्यापेक्षा साडेसहा हजार जास्त. काय करू?

गेजवाली:
नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. भोसरीत एका मशिनिंगच्या कंपनीत क्वालिटीला आहे, सहा वर्षं झाली, इनवर्ड (आलेल्या मालाची) आणि फायनल तपासणी, कस्टमर ऑडिट सगळं करते. आठ महिन्यांपूर्वी एक मुलगा लागला, डिप्लोमा माझ्यासारखाच, अनुभव माझ्यापेक्षा कमी, सीएमएम (पार्टची मापं घेणारं मशीन) लावायला मीच शिकवलं त्याला (पोरगा चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही). परवा प्रिंटरवर कोणीतरी पगाराची शीट विसरून गेलं आणि नको ते दिसलं. मला २४,५०० आणि त्याला ३१,०००. एचआरला आडून विचारलं तर म्हणे तो 'इंजिनिअर' आहे, तू 'असिस्टंट', शिवाय तो नाइट करतो, तू करत नाहीस. आता मला नाइटला कधी कोणी विचारलंच नाही तर मी नाही म्हणाले कधी? घरी नवरा म्हणतो सोड, आहे ती नोकरी टिकव. कायद्याने यात खरंच काही होतं का? आणि माझ्यामुळे त्या पोराचा पगार कापला गेला तर ते मला नकोय.

चाकणचा_एचआर:
ताई, मी त्याच जमातीतला, म्हणून सांगतो, ते 'असिस्टंट' आणि 'इंजिनिअर' प्रकरण जुनं आहे. काम एकच, कार्डावर नावं दोन, म्हणजे कोणी विचारलं तर दाखवायला बरं. आणि दुसरं असतं लास्ट सॅलरी. आधीच्या पगारावर वीस-तीस टक्के चढवून ऑफर काढायची ही सगळीकडची रीत, त्यामुळे पहिल्या नोकरीत जी कमी पगारावर लागली ती पुढे कुठेही गेली तरी तो कमीपणा सोबत घेऊन जाते, मुद्दाम कोणी काही न करता. ती शीट मात्र कोणाला दाखवू नका, फोटो काढला असेल तर फिरवू नका, उलट तुमच्यावरच गोपनीयतेचं शेकेल.

सडेतोड_नाना:
प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष कशाला आणायचं? त्याने जॉइन होताना भाव केला असेल, तुम्ही नसेल केला. मार्केट आहे. मलाही माझ्या ज्युनियरपेक्षा कमी मिळतं आणि आम्ही दोघंही पुरुष आहोत.

गेजवाली:
नाना, भाव मलाही करता येतो, आमच्या भाजीवाल्याला विचारा. पण इंटरव्ह्यूला मला विचारलं होतं लग्न ठरलंय का, अपेक्षा किती हे विचारलंच नाही, आकडा थेट लेटरवर आला.

कोर्टाची_पायरी:
कामगारांच्या केसेस बघतो म्हणून जरा लांब लिहितो. नानांचा मुद्दा पूर्ण चूक नाही, दोन पुरुषांत फरक असेल तर समान वेतनाचा कायदा लागत नाही. पण बाई म्हणून कमी दिलं तर लागतो, आणि तो आजचा नाही. समान वेतनाचा वटहुकूम १९७५ चा, कायदा १९७६ चा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात गेला, पण गाभा तोच आहे: समान किंवा तशाच स्वरूपाचं काम, म्हणजे कौशल्य, मेहनत, जबाबदारी, अनुभव सारखा आणि परिस्थिती सारखी, तर पगारात स्त्री-पुरुष भेद नाही. पोराची काळजी सोडा, बरोबरी करायची म्हणून कोणाचा पगार खाली आणता येत नाही हेही त्यातच लिहिलंय.

पदाच्या नावाचा खेळ आपल्या मुंबईतूनच सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला आहे. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा, निकाल १९८७. कंपनीत बायका स्टेनोंना 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर' म्हणायचे आणि पुरुष स्टेनोंपेक्षा कमी द्यायचे. कंपनी म्हणाली युनियनशी करार झालाय, म्हणाली आमची ऐपत नाही, कोर्टाने दोन्ही ऐकलं नाही. बारीकसारीक फरक उगाळत बसू नका, प्रत्यक्षात काम काय करतात ते बघा असं सांगितलं. ऑड्रीबाईंची नोकरी गेलेली १९७७ मध्ये आणि भांडण होतं सात हजार आणि काही रुपयांचं. दहा वर्षं. हे घाबरवायला नाही सांगत, पण उद्या अर्ज टाकला आणि परवा पैसे आले असं होत नाही.

आता नाइटचं. जो नाइट करतो त्याला त्याचा वेगळा अलाउन्स मिळू दे, त्यात गैर नाही. पण तो नाइट करतो किती? हे तुम्ही लिहिलंच नाही.

गेजवाली:
आत्ता बसून आठवलं. आठ महिन्यांत चार. त्यातली एक दिवाळीच्या आधी डिस्पॅच अडकला म्हणून, तेव्हा मीही साडेनऊपर्यंत होते.

कोर्टाची_पायरी:
झालं तर मग. तुमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर कोणाच्या सह्या असतात?

गेजवाली:
ज्याने तपासलं त्याची. माझ्या आणि त्याच्या. फॉरमॅट एकच.

कोर्टाची_पायरी:
मग पगाराच्या शीटपेक्षा तेच बोलेल. कागद बाहेर नेऊ नका, कोणत्या तारखेला कोणता पार्ट कोणी पास केला याची नोंद घरच्या वहीत ठेवा, सोबत स्वतःच्या सगळ्या पगारस्लिपा. आधी कंपनीला साधं पत्र द्या, भांडणाची भाषा नको, 'माझं पद आणि वेतन कामाप्रमाणे तपासावं' एवढंच, आणि पोच घ्या. नाही ऐकलं तर कामगार आयुक्तांचं ऑफिस. संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.

धारूरकर:
तुमच्याकडं निदान पगाराचे दोन आकडे तरी हायेत. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादम देतो गड्याच्या हातात, बाई मोळ्या बांधती, डोक्यावर वाहती, ट्रक भरती, पण तिचा पगार किती म्हणून विचारलं तर उत्तरच नाही, कारण ती अर्धा कोयता. गावात खुरपणीला बाईची हजेरी ३०० अन गड्याची ५००, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही, बायांना पण नाही. माझी आय म्हणायची रोजगार हमीचं काम बरं, तिथं मातीच्या मापावर पैसे, खड्डा बाईनं खणला का गड्यानं ते विचारत नाहीत.

चाकणचा_एचआर:
धारूरकर, हे वाचून गप्प झालो. (नाना, क्रिकेटचं उदाहरण तुम्ही आणायच्या आधी मीच आणतो: २०२२ पासून बीसीसीआयची मॅच फी बाई-पुरुषांना सारखी, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. पण २०२४-२५ च्या वार्षिक करारात आपली सांगलीची स्मृती मानधना ५० लाखांच्या श्रेणीत आणि पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची.)

सडेतोड_नाना:
पुरुषांच्या मॅचला पैसा येतो म्हणून. पण ताई, चार नाइटवर साडेसहा हजार हे मलाही पटत नाही. पत्र द्या.

गेजवाली:
पत्राचा मसुदा लिहिलाय, मराठीत द्यावं की इंग्रजीत? आमचे प्लांट हेड तमिळ आहेत. आणि पोच देत नाहीत आमच्याकडे, ईमेल चालेल का?