मदत हवी आहे: स्लो कुकरमधला ब्रन्सविक स्ट्यू शिजत नाहीये, संध्याकाळी पॉटलक

चैत्राली_जॉर्जिया (शनिवार, १२:४०)
तातडीने सांगा. सकाळी स्लो कुकरमध्ये (विजेवर तासन्‌तास मंद शिजवणारं भांडं) ब्रन्सविक स्ट्यू लावलाय, म्हणजे इकडचा मांस, टोमॅटो, बीन्स आणि बटाट्यांचा रस्सा. आत्ता झाकण काढून बघितलं तर बटाटे टणक, बीन्स टणक, आणि वर नुसतं लाल पाणी. हा स्ट्यू किती दाट असतो ते खाल्लेल्यांना माहीत आहे. सहा वाजता आमच्या गल्लीचा पॉटलक आहे, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातच जन्मलेल्या माणसांना त्यांचाच पदार्थ खाऊ घालायचाय, त्यामुळे तो नीटच व्हायला हवा. रेसिपीच्या लिंका नकोत. शेजारच्या आजींनी हाताने लिहून दिलेली रेसिपी आहे माझ्याकडे. आता काय करू तेवढंच सांगा.

निशिगंध (१२:४६)
सकाळी म्हणजे किती वाजता? आच लो की हाय? बीन्स डब्यातल्या, फ्रोजन की वाळलेल्या? मांस कुठलं?

चैत्राली_जॉर्जिया (१२:४९)
साडेसातला, लोवर. चिकन आणि पोर्क. बाकी नेहमीचंच.

बल्लव_सांगली (१२:५२)
स्लो कुकर बंद करा आणि सगळं प्रेशर कुकरमध्ये ओता. चार शिट्ट्या, विषय संपला. मटण असो की हरभरे, आमच्याकडे दुसरं भांडं लागतच नाही. ते आठ-आठ तास मंद शिजवणं मला कधीच पटलेलं नाही.

निशिगंध (१२:५५)
बल्लव, थांबा जरा. चैत्राली, "नेहमीचंच" म्हणजे काय? बीन्सचं उत्तर राहिलं. टोमॅटो कधी घातला? कुकर किती भरलाय? पोर्क फ्रीजरमधून थेट घातलंत का?

रिचमंडवासी (१:०१)
ब्रन्सविक स्ट्यू व्हर्जिनियाचा. तिथल्या ब्रन्सविक काउंटीत १८२८ साली क्रीड हॅस्किन्स यांच्या शिकारीच्या तळावर त्यांचा स्वयंपाकी जिमी मॅथ्यूज याने तो पहिल्यांदा केला, असं तिथे सांगतात. तेव्हा त्यात खारुताईचं मांस, कांदे आणि शिळा पाव होता. १९८८ मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने तसा ठरावही केला. आमच्याकडे त्यात बार्बेक्यू सॉस घालत नाहीत. तुम्ही घातला असेल तर चव तिथेच बिघडली.

सवाना_किनारा (१:०६)
जॉर्जियातल्या ब्रन्सविक शहरात लोखंडी हंडा मांडून ठेवलाय. २ जुलै १८९८ रोजी सेंट सायमन्स बेटावर पहिला स्ट्यू याच हंड्यात झाला, असं त्यावरच्या पाटीवर लिहिलंय. आणि सॉस नसेल तर ते चिकनचं टोमॅटो सूप झालं. इकडे हा स्ट्यू बार्बेक्यूच्या ताटातच येतो, धुरावर भाजलेलं पोर्क उरलं की ते यातच पडतं. तिचा पॉटलक जॉर्जियात आहे, तेव्हा सॉस हवाच.

रिचमंडवासी (१:०९)
१८२८ आधी येतं की १८९८?

सवाना_किनारा (१:११)
ठराव केल्याने चव येत नाही. मका, बीन्स आणि शिकारीचं मांस एकत्र शिजवणारे लोक या भूमीवर तुमच्या हॅस्किन्सच्या कितीतरी आधी राहत होते.

चैत्राली_जॉर्जिया (१:१४)
इतिहासावर नंतर भांडा, प्लीज! निशिगंध, वाळलेल्या लायमा बीन्स, धुऊन तशाच घातल्या. भिजवायचं रेसिपीत लिहिलेलं नाही. टोमॅटोचे दोन मोठे डबे, व्हिनेगर, बार्बेक्यू सॉस, बटाटे, कांदे, चिकन थाय (मांडी), पोर्क शोल्डरचा (खांद्याचा) अख्खा तुकडा, हे सगळं सकाळीच एकदम. कुकर सहा क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटर), काठोकाठ भरलाय. मका आणि भेंडी अजून घातलेली नाही.

निशिगंध (१:२२)
आता कळलं. टोमॅटो, व्हिनेगर आणि सॉस तिन्ही आंबट. आंबटात बीन्सची सालं आणि बटाट्याच्या पेशी मऊ पडायला फारच वेळ लागतो. डब्यातल्या किंवा फ्रोजन बीन्स आधीच शिजलेल्या किंवा कोवळ्या असतात, त्यामुळे त्यांना टोमॅटोचा त्रास होत नाही. आजींनी बहुधा त्याच धरल्या असतील, म्हणून भिजवायचं लिहिलं नाही. शिवाय स्लो कुकर अर्धा ते दोन-तृतीयांश भरायचा असतो. काठोकाठ भरून लोवर ठेवला की तापायलाच फार वेळ जातो.

पोर्क गोठलेलं होतं का ते मात्र अजून सांगितलं नाहीत. विचारतोय कारण ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये मांस तासन्‌तास राहणं धोक्याचं. दगड झालेलं मांस स्लो कुकरमध्ये घातलं तर नेमकं तेच होतं. आणि मांसाचा थर्मामीटर आहे का?

सुगरण_मावशी (१:२५)
अगं चैत्राली, घाबरू नकोस. चिमूटभर खायचा सोडा टाक, अर्ध्या तासात बीन्स लोण्यासारख्या होतील. मी छोल्यांना नेहमी घालते.

बल्लव_सांगली (१:२८)
मावशी, छोले साध्या पाण्यात असतात. इथे दोन डबे टोमॅटो आणि वर व्हिनेगर आहे. चिमूटभर सोडा फसफसून संपेल आणि बीन्सना काहीच मिळणार नाही. पुरेल एवढा घातला तर साबणासारखं लागेल. मी मघाशीच सांगितलं, प्रेशर कुकर.

सुगरण_मावशी (१:३१)
आणि तुमच्या प्रेशर कुकरमध्ये ते टोमॅटो-सॉसचं दाट मिश्रण तळाला करपणार नाही? गोडसर सॉस आहे त्यात. एकदा करपलं की तो वास जात नाही हो, वरून काहीही घाला.

दुधाळी_कट्टा (१:३३)
एवढा खटाटोप कशाला? त्याच चिकनचा तांबडा रस्सा करा. कांदा-खोबरं भाजून वाटा, चटणी घाला, तासाभरात तयार. अमेरिकन लोकांना आवडतो, माझा अनुभव आहे.

चैत्राली_जॉर्जिया (१:३५)
रस्सा नाही करायचाय. पोर्क काल रात्रीपासून खालच्या फ्रीजमध्ये होतं. सकाळी सुरीने कापता येत होतं, मधोमध थोडं कडक होतं. थर्मामीटर आहे. रस ८४, चिकन ८१, पोर्कच्या मधोमध ७२.

निशिगंध (१:४३)
मग मांसाची काळजी मिटली. चिकनला ७४ पुरतं, पोर्कही खाण्याजोगं आहे, फक्त अजून चिवट असेल. शोल्डरमधले चिवट पडदे विरघळून मांस हाताने सुटायला ते ९० च्या वर जाऊन तिथे काही वेळ राहावं लागतं.

मावशी आणि बल्लव, तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात. चैत्राली, सगळं नका ओतू. झाऱ्याने बीन्स आणि बटाटे बाहेर काढा, चाळणीत घेऊन टोमॅटो धुऊन टाका. बीन्स प्रेशर कुकरमध्ये साध्या पाण्यात, मावशींचा चिमूटभर सोडा घालून, चार शिट्ट्या. लायमाला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. बटाटे वेगळ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात. उरलेलं सगळं जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात, गॅसवर, झाकण न ठेवता. स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून रस आटलाच नाही. पोर्कचे आडवे चार तुकडे करून त्यातच सोडा. चिकन काढून ठेवा, नाहीतर त्याचा चोथा होईल.

चैत्राली_जॉर्जिया (१:४५)
स्लो कुकर हायवर करून चालणार नाही का? पातेलं राखत उभं राहायला वेळ नाहीये, घर आवरायचंय.

निशिगंध (१:४८)
चार तासांत त्या आंबटात बीन्स मऊ होणार नाहीत, हायवरही नाही. अर्धवट शिजलेली कडधान्यं तशीही पोटाला वाईट. राजम्यातलं विष तर खळखळून उकळल्याशिवाय जातच नाही आणि मंद आचेवर ते टिकून राहतं. लायमा राजम्याइतकी वाईट नाही, पण तिलाही उकळी मिळालीच पाहिजे. पुढच्या वेळी स्लो कुकरच वापरा, फक्त बीन्स भिजवून, दहा-पंधरा मिनिटं उकळून मग घाला आणि टोमॅटो शेवटच्या दोन तासांत.

हिरवा_माठ (१:५५)
मांसाशिवाय हा स्ट्यू होतो का? मी मश्रूम आणि लाल भोपळा घालून विचार करतेय.

सवाना_किनारा (१:५८)
होतो, पण धुराची चव हवी. स्मोक्ड पॅप्रिका घाला. भोपळ्याने फार गोड होईल, त्याऐवजी भेंडी वाढवा, तिने दाटपणाही येतो.

पुण्याची_राधा (२:०४)
माझी बहीण डिसेंबरमध्ये येतेय. तिकडून स्लो कुकर आणायला सांगू का? पुण्यात चालेल ना? आणि लायमा इथे मिळत नाही, पावटे घालू का?

रिचमंडवासी (२:१०)
चैत्राली, घट्ट करायला पीठ किंवा कॉर्नस्टार्च घालू नका, एवढं ऐका. व्हर्जिनियात वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्याने तासन्‌तास ढवळतात. उलथनं हंड्यात उभं राहिलं की स्ट्यू झाला. बटाटे अर्धे कुस्करून घाला आणि मांस दोन काट्यांनी पार तंतू होईपर्यंत सोडवा. दाटपणा त्यातूनच येतो.

सवाना_किनारा (२:१३)
याच्याशी मात्र पूर्ण सहमत.

चैत्राली_जॉर्जिया (३:२०)
बीन्स शिजल्या! चार शिट्ट्यांत दोन बोटांनी दाबल्या की फुटतायत. बटाटेही झाले, अर्धे कुस्करले. पातेल्यातला रस बराच आटलाय, पण पोर्क अजून नीट सुटत नाही. मका आता घालू?

निशिगंध (३:२४)
मका आणि भेंडी पाच वाजता. आधी घातलीत तर मक्याचे दाणे चामट होतात. पोर्कवर झाकण अर्धं ठेवा, आच मध्यम. आता तळ करपू शकतो, पाच-पाच मिनिटांनी खालपर्यंत ढवळा.

सुगरण_मावशी (३:३०)
आणि शेवटी चाखून बघ गं, साखर लागेल थोडी. टोमॅटो आटला की आंबट चढतो.

चैत्राली_जॉर्जिया (५:३५)
झाला. पोर्क काट्याने सुटलं, चिकन परत घातलं, चमचा उभा राहतोय. चमचाभर ब्राउन शुगर घातली, मावशी. आजी आत्ताच येऊन चाखून गेल्या आणि कॉर्नब्रेड त्या करून आणतायत. निशिगंध, तुमचे फार आभार, बल्लव तुमचेही. न्यायला परत स्लो कुकरमध्ये घालू का? आणि उरला तर?

निशिगंध (५:४१)
गरमच आहे तर घाला आणि "वॉर्म"वर ठेवा, ६० च्या खाली जाऊ देऊ नका. उरला तर दोन तासांच्या आत पसरट डब्यांत थोडा थोडा भरून फ्रीजमध्ये. उद्या गॅसवर उकळून गरम करा. थंड अन्न स्लो कुकरमध्ये गरम करायचं नाही.

पुण्याची_राधा (५:५०)
माझ्या प्रश्नाचं कोणी उत्तर देईल का?

बल्लव_सांगली (५:५८)
राधाताई, आणू नका. अमेरिकन स्लो कुकर १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर तो जवळजवळ चौपट वीज ओढेल आणि कॉइल जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तेवढ्या वजनात बहिणीला दुसरं काहीतरी आणता येईल. बीन्स म्हणाल तर पावटे वेगळे. वाण्याकडे डबल बी मागा, ती लायमाच. रात्रभर भिजवा आणि कुकरला लावा.