विंडोजचा डिफेंडर कायमचा बंद कसा करायचा?

कराडची_डीटीपीवाली:
नमस्कार मंडळी. कराडात माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नसराईत पत्रिका, बॅनर, हॉलबाहेरचे स्वागताचे बोर्ड सगळं एकदम अंगावर आलंय, आणि नेमका आत्ताच काँप्युटर ढिम्म हलेना.

मशीन आय-३ चौथ्या पिढीचं, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क, विंडोज १०. सकाळी चालू करून कोरल (पत्रिका-बॅनर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होतो आणि तो मुहूर्ताची वेळ बदलून सांगायला लागतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, सगळ्यात वर ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर. रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करते, थोड्या वेळाने बघावं तर स्वारी परत चालू.

वर मराठी टायपिंगचं माझं जुनं सॉफ्टवेअर (सीडी, डोंगल म्हणजे लायसन्सची यूएसबी किल्ली, पावती सगळं आहे, फुकटातलं नाही) त्यातली एक फाइल डिफेंडरने संशयावरून उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोंडून टाकली. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ टाइप करायला बसले तर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. पार्टी समोर उभी.

शेजारचा मोबाइलवाला म्हणतो, नेटवर एक छोटं सॉफ्टवेअर मिळतं, एका क्लिकमध्ये डिफेंडर उडतो तो उडतोच. टाकू का? काम पेनड्राइव्हवर येतं, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप वेबवर.

रजिस्ट्री_राजा:
सॉफ्टवेअर कशाला? रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज साठवलेल्या असतात तिथे) डिफेंडरच्या पॉलिसीखाली ‘डिसेबल अँटीस्पायवेअर’ नावाची नोंद करा, किंमत १ द्या, रीस्टार्ट मारा. विषय संपला.

सोल्डरगन_सातारा:
राजे, तो उपाय मेला. ऑगस्ट २०२० च्या अपडेटपासून घरगुती विंडोजवर डिफेंडर त्या नोंदीकडे ढुंकून बघत नाही. त्याच्या आधीच, २०१९ मध्ये टॅम्पर प्रोटेक्शन आलं, म्हणजे डिफेंडरच्या सेटिंग्जला बाहेरून हात लावू न देणारी सोय, ती अशाच उद्योगांसाठी. पूर्वी व्हायरस घुसला की पहिलं काम हेच करायचा, रजिस्ट्रीतून अँटीव्हायरस झोपवायचा.

ताई, ते एका क्लिकचं प्रकरण अजिबात नको. अशी सॉफ्टवेअरं टाकताना आधी संरक्षण बंद करा, मग अ‍ॅडमिन म्हणून चालवा असं सांगतात. म्हणजे राखणदाराला बाहेर काढून अनोळखी माणसाच्या हातात किल्ल्या. आत काय आहे ते तपासायला मग उरलं कोण? क्रॅक आणि कीजेनच्या (फुकटात सॉफ्टवेअर चालवायच्या चोरट्या फायलींच्या) वाटेने आलेले रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस, मी दुकानदारांच्या मशीनवर पाहिलेत. सगळ्या फायलींच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटतात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. तुमच्याकडे जुन्या गिऱ्हाइकांच्या सीडीआर (कोरलच्या) फायली असतील, दरवर्षी त्यातच नावं बदलून कामं होत असतील. त्या गेल्या तर धंद्याची पाटीच पुसली.

दुसरं, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. चौथ्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. डिफेंडरला मात्र नव्या व्हायरसांची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे. म्हणजे या मशीनवर जे एक ताजं राहणार, तेच तुम्ही काढायला निघालात.

आता बंद केलेलं रिअल-टाइम प्रोटेक्शन आपोआप चालू का होतं ते. तो स्विच मुळात तात्पुरताच आहे, खाली तसं लिहिलेलंही असतं.

मला एक सांगा, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता ना?

कराडची_डीटीपीवाली:
पाडते की. मागच्या वर्षी शेजारच्या गाळ्यात शॉर्टसर्किट झालं, तेव्हापासून काहीच चालू ठेवत नाही. त्याचा काय संबंध?

सोल्डरगन_सातारा:
तिथेच संबंध आहे. विंडोजची देखभालीची कामं, त्यात डिफेंडरचं स्कॅनही आलं, ठरलेल्या वेळी होतात आणि ती वेळ मुळात रात्री २ ची असते. तेव्हा तुमचं मशीन मेलेलं. मग राहिलेलं काम ते दिवसा, मशीन जरा मोकळं दिसलं की काढतं. तुम्ही सकाळी मशीन लावून झाडलोट, देवाला उदबत्ती करता, त्याला वाटतं आता सवड आहे. स्कॅन सुरू होतं न होतं तोच तुम्ही कोरलवर क्लिक करता, आणि फिरणाऱ्या तबकडीची डिस्क दोघांना एकदम पुरी पडत नाही.

कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिक्युरिटी अँड मेंटेनन्स’ उघडा, त्यात ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’, तिथे वेळ बदलता येते. तुम्ही दुपारी जेवायला घरी जात असाल तर ती वेळ द्या आणि तेवढं मशीन चालू राहू द्या. गॅरंटी देत नाही, पण सकाळचा गोंधळ पुष्कळ कमी व्हायला हवा.

टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, प्रोटेक्शन हिस्टरी. उचललेली फाइल तिथे दिसेल, नाव आणि जागा लिहून घ्या. लगेच ‘रिस्टोअर’ दाबू नका. मूळ सीडीवरची तीच फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर चढवून बघा, तिथे कितीतरी अँटीव्हायरस एकदम मत देतात. एकदोघांनीच बोट दाखवलं तर खोटा संशय असण्याची शक्यता जास्त. जुनी कीबोर्ड ड्रायव्हरवाली सॉफ्टवेअरं प्रत्येक कळ मधल्या मध्ये पकडतात, पासवर्ड चोरणारेही तेच करतात, त्यामुळे असा गैरसमज होतो. पण अर्ध्याअधिकांनी लाल दाखवलं तर ती फाइल सीडीवरच राहू द्या आणि सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करा. गिऱ्हाइकाचं आधार, सातबारा असलं काही मात्र त्या साइटवर कधी चढवू नका, तिथल्या फायली इतरांना मिळू शकतात.

खात्री पटली की फाइल परत आणा, आणि ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली ‘एक्सक्लूजन्स’ आहे तिथे फक्त त्या सॉफ्टवेअरचं फोल्डर घाला. अख्खा सी ड्राइव्ह नाही, डेस्कटॉप नाही, डाउनलोड्स तर मुळीच नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेबचं सगळं डाउनलोड्समध्येच उतरतं. वगळलेल्या फोल्डरमध्ये व्हायरस येऊन बसला तर तो दिसणारच नाही, हे धरून चला.

पेठेतला_पंख्या:
सोपं सोडून काय चाललंय? दुसरा अँटीव्हायरस विकत घ्या, डिफेंडर आपोआप बाजूला होतो. आपल्या पुण्याचं क्विक हील आहे की.

सोल्डरगन_सातारा:
बाजूला होतो हे खरं, आणि डिफेंडर रीतसर बंद करायचा तोच एक सरळ रस्ता आहे. पण पंख्याभाऊ, ४ जीबी रॅम आणि तीच डिस्क. नवा आला तरी त्यालाही फायली वाचाव्याच लागणार. घ्यायचा तर जरूर घ्या, वेग वाढेल म्हणून घेऊ नका. दोनदोन मात्र टाकू नका.

ताई, पेनड्राइव्ह लावला की लगेच डबल क्लिक नको. ड्राइव्हवर उजवं बटण, ‘स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर’. कॉलेजच्या पोरांच्या पेनड्राइव्हमध्ये फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसले तर त्यावर क्लिक करू नका. मूळ फोल्डर बहुतेक तिथेच लपवलेले असतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा, म्हणजे दिसतील.

आणि कोरल नुसतं उघडायलाच वेळ लागतो, का फाइल उघडतानाही? फॉन्ट किती आहेत?

कराडची_डीटीपीवाली:
दुपारची दीडची वेळ लावली. सकाळी डिस्क १०० वर जाते, पण लवकर खाली येते. फाइल ठीक उघडते, कोरल स्वतः उघडायलाच रडतं. टायपिंगची फाइल तपासली, तिघांनीच नाव घेतलं, बाकी सगळे गप्प. परत आणली, फोल्डर वगळलं, मराठी उमटतंय. मोबाइलवाल्याला नाही म्हणून सांगितलं, तोंड वाकडं केलं त्याने.

फॉन्ट मोजले. दोन हजारांच्या वर आहेत. कुणी पेनड्राइव्हवर आणला की टाकत गेले.

सोल्डरगन_सातारा:
मग कोरलच्या बाबतीत डिफेंडर निर्दोष सुटला. सुरू होताना ते सगळे फॉन्ट वाचत बसतं. रोज लागणारे दीडशे-दोनशे ठेवा, बाकीचे एका फोल्डरमध्ये कॉपी करून विंडोजमधून काढा, लागेल तेव्हा टाका.

सीडीआर फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर सोडत नाही.

कराडची_डीटीपीवाली:
आजच घेते. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) सगळे सुचवतात, ती लग्नसराई उरकल्यावर टाकेन म्हणते. पण सगळं परत इन्स्टॉल करावं लागेल का? त्या सीडीवर ओरखडे पडलेत हो.

सोल्डरगन_सातारा:
नाही, क्लोन करता येतं, जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. फक्त एक बघून ठेवा: टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नुसतं डोंगलवर आहे, की हार्डडिस्कच्या नंबरलाही बांधलंय. डोंगलवर असेल तर अडचण येऊ नये. डिस्कला बांधलेलं असेल तर आधी त्यांना फोन करून नवा कोड मिळेल का ते विचारा, मग डिस्क बदला. आणि त्या सीडीची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये पूर्ण नक्कल, आजच काढून ठेवा, अजून वाचता येतेय तोवर.