फॅट निम्मी येतेय, काहींची तर उणे! प्रोटोबफ जुन्या व्हर्जनवर परत नेऊ का?

गावभागवाला (सांगली) · रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. तातडीचं आहे, पण थोडी पार्श्वभूमी द्यावीच लागेल.

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे. वाळवा, पलूस आणि शिराळा तालुक्यांत मिळून ४१ केंद्रं. प्रत्येक केंद्रावर आमची एक पेटी. वजनकाटा आणि फॅट मशीन तिला जोडलेलं, आत छोटा कंट्रोलर, फर्मवेअर सी भाषेतलं, नॅनोपीबी (छोट्या यंत्रांसाठीचं प्रोटोबफ) वापरून केलेलं. दूध मापलं की पेटी पावती छापते आणि त्याच मापाचा मेसेज प्रोटोबफमध्ये, म्हणजे माहिती मोजक्या बाइटांत भरायच्या पद्धतीने, सर्व्हरला पाठवते. सर्व्हर पायथनवर, उत्पादकांचं ॲप जावामध्ये.

पेट्यांना हात लावता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं ऑफिस बुडालं. फर्मवेअर ज्या लॅपटॉपवर बांधायचो तो त्यात गेला. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. हसा. आता ऑफिस विश्रामबागला आहे, पहिल्या मजल्यावर.

तर गुरुवारी सर्व्हरची डिस्क गेली. नव्या मशीनवर सगळं बसवलं. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये मी प्रोटोबफचं व्हर्जन लिहिलंच नव्हतं, त्यामुळे पिपने (पायथनच्या लायब्ऱ्या बसवणारं साधन) सरळ नवी लायब्ररी आणून ठेवली. सर्व्हर सुरू केला की एरर: 'डिस्क्रिप्टर्स कॅनॉट नॉट बी क्रिएटेड डायरेक्टली'. 'नॉट' दोनदा आहे, टायपिंगची चूक माझी नाही. एररमध्येच उपाय दिलेत: प्रोटोक (प्रोटो फाइलमधल्या फील्डच्या यादीवरून कोड काढणारं साधन) ३.१९ किंवा त्यापुढच्याने कोड परत काढा, नाहीतर लायब्ररी ३.२० वर आणा. मी कोड परत काढला. एरर गेली. घरी जाऊन जेवलो.

शुक्रवारी सकाळी साडेसातला फोन सुरू. पावतीवर फॅट ४.६, ॲपवर २.३. दुसऱ्याच्या म्हशीची ६.४, ॲपवर ३.२. म्हटलं, कुठेतरी दोनाने भागाकार होतोय. मग तिसरा आला. पावतीवर ४.५ आणि ॲपवर उणे २.३! तो म्हणतो, "आमची गाय आता डेअरीतनं दूध पिऊन येती काय?" मला हसावं की रडावं कळेना.

एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन पदार्थ) सगळ्यांचं बरोबर आहे. लिटरही बरोबर. घोळ फक्त फॅटचा.

शिवाय रोज पंधरा-वीस मेसेज सर्व्हर वाचतच नाही, डिकोड एरर देऊन टाकून देतो. ते वेगळंच लफडं असावं.

प्रश्न असा: लायब्ररी ३.२० वर परत नेली तर हे जाईल का? दहा दिवसांचं दूध बिल बुधवारी काढायचंय. आणि पुढे ॲप डार्ट भाषेत न्यायचा विचार आहे. आमच्या हिशेबनिसांचं बिलाचं सॉफ्टवेअर मात्र व्हीबी सिक्सचं (जुन्या व्हिज्युअल बेसिकचं) आहे, त्यांनाही थेट प्रोटोबफ वाचता येईल का?

---

कंदी_पेढा (सातारा) · सकाळी ९:४०

दादा, यासाठीच मी जेसन (साध्या मजकुरात माहिती पाठवायची पद्धत) सोडत नाही. उघडलं की डोळ्यांना दिसतं. व्हर्जनची भानगडच नको. ३.२० वर जा आणि शांत झोपा.

---

मिरज_जंक्शन · सकाळी १०:०५

पेढेवाले, जेसनमध्ये हा घोळ इतक्या गुपचूप झाला नसता, हे मान्य. पण महिन्याला रिचार्ज मारून चालणाऱ्या ४१ सिमकार्डांवर दर मेसेजला 'फॅट', 'एसएनएफ' ही नावं लिहून पाठवायची का, तेही बघा.

गावभागवाले, ३.२० वर जाऊ नका, निदान आत्ता तरी. माझा अंदाज आहे की लायब्ररी निर्दोष आहे. पण अंदाजावर बिल काढायचं नसतं. एक काम करा. ज्याची फॅट ४.६ होती, त्याच्या मेसेजचे कच्चे बाइट दशमान आकड्यांत इथे टाका, नावाचा भाग वगळून. आणि प्रोटो फाइलमध्ये फॅटची ओळ जशी आहे तशी वाचून सांगा. आठवणीतून नको, फाइल उघडून.

---

गावभागवाला · सकाळी १०:३१

बाइट: … ३२ ४६ ४० ८४ …

फाइलमधली ओळ: एसइंट३२ फॅट, क्रमांक ४. एसएनएफ: इंट३२, क्रमांक ५.

थांबा. एसइंट? मी तर इंट३२ लिहिलेलं.

---

मिरज_जंक्शन · सकाळी १०:५२

सापडलं. तरी नीट सांगते, कारण हे पुन्हा होणार आहे. तुमच्याकडे नाही तर दुसऱ्या कुणाकडे.

वायरवर, म्हणजे पाठवलेल्या बाइटांत, फील्डचं नाव जात नाही. जातो फक्त क्रमांक आणि त्याला चिकटलेला एक ढोबळ प्रकार. क्रमांक गुणिले ८ अधिक प्रकार, म्हणजे ३२ ची फोड ४ आणि ०: चौथं फील्ड, साधा पूर्णांक. पुढचा बाइट ४६. तुम्ही फॅट दहापट करून पाठवता, म्हणजे ४.६. पेटीने अगदी बरोबर पाठवलंय. ४० म्हणजे पाचवं फील्ड, ८४ म्हणजे एसएनएफ ८.४. तेही बरोबर.

आता गंमत बघा. इंट३२ काय आणि एसइंट३२ काय, वायरवर दोघांचा ढोबळ प्रकार ० च. त्यामुळे वाचणाऱ्याला कळतच नाही की लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं. एसइंटमध्ये झिगझॅग असतं: सम आकडे धन, विषम आकडे ऋण. ० म्हणजे ०, १ म्हणजे उणे १, २ म्हणजे १, ३ म्हणजे उणे २, असं पुढे. या चष्म्यातून ४६ वाचलं की २३ दिसतं आणि ४५ वाचलं की उणे २३. तुमच्या ४.६ वाल्याचं २.३, ४.५ वाल्याचं उणे २.३. गाय निर्दोष आहे.

इंट३२, यूइंट३२, इंट६४, यूइंट६४ आणि बूल हे आपसांत बदलले तरी वाचता येतात, आकडा मावला म्हणजे झालं. एसइंट३२ आणि एसइंट६४ यांचं एकमेकांशी जमतं, बाकी कुणाशी नाही. वेगळी पंगत आहे ती.

लायब्ररी ३.२० वर नेली असती, तरी याच फाइलमधून कोड काढल्यावर २.३ च आलं असतं. फाइल कुणी बदलली ते शोधा.

---

गावभागवाला · दुपारी १२:१५

शोधलं. भाचा.

मशीनच्या कॅलिब्रेशनची दुरुस्ती उणे पाठवायची होती. इंट३२ मध्ये उणे आकडा दहा बाइट खातो, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि दोन महिन्यांपूर्वी फॅटच्याच फील्डला एसइंट करून ठेवलं. कोड मात्र परत काढला नाही, म्हणून बदल फाइलमध्ये नुसता पडून राहिला. गुरुवारी मी प्रोटोक चालवला आणि तो जागा झाला. मी आपला तीन दिवस व्हर्जनला शिव्या देत बसलोय.

भाच्याला फोन केला तर म्हणतो, "मामा, दहा बाइटचं खरं आहे की!" खरं आहे हो, पण पेट्यांना कोण सांगणार?

आता फॅट परत इंट३२ केलं. पण शुक्रवार ते आज सकाळपर्यंतची सगळी मापं चुकीची साठली आहेत. कच्चे मेसेज मी ठेवत नाही. पावत्या गोळा करत फिरू का?

---

मिरज_जंक्शन · दुपारी १२:४०

फिरू नका. झिगझॅग उलटं करता येतं, एकही आकडा हरवलेला नाही. साठलेला आकडा धन असेल तर दुप्पट करा: २३ चे ४६. ऋण असेल तर चिन्ह काढून दुप्पट करा आणि एक वजा करा: उणे २३ चे ४६, वजा १, म्हणजे ४५. फक्त वेळेची हद्द पक्की धरा. जुन्या कोडने वाचलेली गुरुवारची मापं यात सापडली तर त्यांची फॅट दुप्पट होईल, आणि तो उत्पादक काही तुम्हाला फोन करायचा नाही.

भाच्याच्या दुरुस्तीला नवा क्रमांक द्या, समजा ९, आणि तिथे खुशाल एसइंट वापरू द्या. १ ते १५ क्रमांकांची खूण एका बाइटात बसते, तेवढे जपून खर्चा. एखादं फील्ड काढलं तर त्याचा क्रमांक 'रिझर्व्हड' म्हणून लिहून ठेवा, म्हणजे उद्या कुणी तो वापरला तर प्रोटोकच अडवेल.

व्हर्जनबद्दल बोलायचं तर त्यात दोन गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकाच पिशवीत भरतात. वायरवरचे बाइट वर्षानुवर्षं तेच आहेत. तुमच्या पुराआधीच्या पेटीचा मेसेज आजची लायब्ररी वाचते, हे तुम्ही रोज बघताय. तुटतं ते प्रोटोकने काढलेला कोड आणि लायब्ररी यांच्यातलं. जुना कोड पुढच्या एका मेजर व्हर्जनपर्यंत चालेल अशी हमी असते. नव्या प्रोटोकचा कोड जुन्या लायब्ररीवर चालेल अशी हमी कुणी देत नाही. २०२२ मध्ये पायथनची ४.२१ आली, तिथेच जुना कोड अडला आणि तुमची 'नॉट नॉट' एरर जन्माला आली. आकडेही तेव्हापासून भाषेगणिक वेगळे झाले: प्रोटोक २१, पायथन ४.२१, जावा ३.२१. मधला आकडा जुळवा, पुढचा बघून घाबरू नका.

एक किस्सा. तासगावकडच्या द्राक्षबागांत आमची हवामान यंत्रं होती. त्यांत पानांच्या ओलाव्याचं नवं फील्ड घातलं, डाऊनी रोगाचा अंदाज यावा म्हणून. यंत्र पाठवतंय, सर्व्हरला मिळत नाही. आठवडा गेला. मधल्या गेटवेवर लायब्ररी ३.४ निघाली. प्रोटो३ (प्रोटो फाइल लिहायची तिसरी पद्धत) मध्ये लायब्ररी ३.५ च्या आधी अनोळखी फील्ड वाचताना टाकून दिलं जायचं, त्यामुळे गेटवे पुढे पाठवताना ओलावा गाळून पाठवत होता. हा दोष मात्र खरोखर व्हर्जनचा. तुमच्या पेटी-सर्व्हरच्या मध्ये कुणी नाही, हे नशीब.

---

हरिपूर_संगम · दुपारी २:१०

डिकोड एररचं मी सांगू का? ती पंधरा-वीस नावं लांब आहेत का? आणि अलीकडे मराठीत केलीत का?

---

गावभागवाला · दुपारी २:२५

आईशप्पथ. महिन्याभरापूर्वी यादी मराठीत करून एसडी कार्डांवर टाकली. उत्पादकांनीच मागणी केली होती. पेटी पावतीवर कोडच छापते, नाव फक्त मेसेजमध्ये जातं. एरर आधीपासूनच येत असणार, मी लॉग गुरुवारनंतरच बघितला. पण ओळखलंत कसं?

---

हरिपूर_संगम · दुपारी २:५०

हळदीच्या सौद्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये भोगलंय. पेटीत नावाला किती जागा ठेवलीये? ४० बाइट असेल तर शेवटचा, नाव संपल्याची खूण म्हणून असणारा शून्याचा सोडून ३९ उरतात. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा-हलन्त धरून. 'हळद' म्हणजे ९ बाइट. 'ज्ञानेश्वर' लिहा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा चिन्हं, ३० बाइट. मध्ये मोकळी जागा १, म्हणजे ३१. आडनावाला उरले ८, म्हणजे दोन चिन्हं आणि तिसऱ्याचे दोन तुकडे. तुटकं चिन्ह म्हणजे अवैध यूटीएफ-८, आणि प्रोटो३ च्या स्ट्रिंगमध्ये ते आलं की पायथन अख्खा मेसेज नाकारतं. पेटी तक्रार करत नाही, कारण नॅनोपीबीमध्ये ही तपासणी बांधतानाच मुद्दाम चालू करावी लागते.

पेटीला हात न लावता: सर्व्हरच्या फाइलमध्ये नावाचा प्रकार स्ट्रिंगऐवजी बाइट्स करा, क्रमांक तोच ठेवा. वायरवर दोन्ही सारखेच. मग शेपटाचं तुटकं चिन्ह स्वतः छाटा. ही पंगत एकच आहे, ताईंच्या भाषेत.

---

मिरज_जंक्शन · दुपारी ३:०५

बरोबर. डार्टला अधिकृत आधार आहे, बिनधास्त जा. जावा, कोटलिन, पायथन, सी प्लस प्लस, सी शार्प, गो, रूबी, पीएचपी, ऑब्जेक्टिव्ह सी यांनाही आहे. डार्टमध्ये ६४ बिटी फील्ड साध्या इंटऐवजी वेगळ्या इंट६४ प्रकारात मिळतं, उत्पादक कोड तसा असेल तर तेवढं बघा. व्हीबी सिक्सचा नाद सोडा. हिशेबनिसांना रोज रात्री सीएसव्ही फाइल काढून द्या.

---

गावभागवाला · मंगळवार, रात्री १०:४८

झालं. शुक्रवारच्या पहिल्या मापापासून रविवारी ११:५० पर्यंतच्या नोंदी उलट्या फिरवल्या, तेवीस पावत्या हातात घेऊन ताडून बघितल्या, सगळ्या जुळल्या. नावाचं फील्ड बाइट्स केलं, कालपासून एकही मेसेज पडलेला नाही. पायथनच्या प्रोटोबफचं व्हर्जन आता रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये लिहिलंय, आणि प्रोटो फाइल बदलायची तर आधी मला फोन, असं भाच्याला सांगितलंय.

हिशेबनीस सीएसव्हीला तयार आहेत. त्यांची अट एकच: फाइल रात्री साडेनऊच्या आत हवी. त्यानंतर ते कॉम्प्युटर बंद करून वर कापड घालतात.