दहशतवादी हल्ल्यांच्या प्रसिद्धीमुळे हिंसा वाढते का?

मेधा, नौपाडा (ठाणे):
येत्या २६ नोव्हेंबरला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मला दहशतवाद आणि प्रसारमाध्यमे या विषयावर बोलायचे आहे. प्रसिद्धी मिळते म्हणून हिंसा वाढत जाते, असे ठामपणे म्हणता येईल का, की बातमी दाबल्याने अफवांचे पेव फुटून अधिक नुकसान होते?

श्रीनिवास, वाशी:
मेधाताई, मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यातील दूरध्वनी संभाषणे मुलांसमोर जरूर ठेवा. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार दूरचित्रवाणी पाहत हल्लेखोरांना सूचना देत होते. हॉटेलात मंत्री अडकले असल्याचे त्यांनीच कळवले आणि ताजमध्ये आग लावण्यासाठी तर सारखा तगादा लावला, कारण ज्वाळा दिसल्या की लोकांना धडकी भरेल, हा त्यांचा हिशेब होता. म्हणजे हिंसेचे पुढचे पाऊल पडद्याकडे पाहून ठरत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. मात्र प्रक्षेपणामुळे जवानांना प्रत्यक्ष इजा झाली का, हे सांगता येत नाही, पण त्यांचे काम अतिशय अवघड आणि धोक्याचे झाले, असे न्यायालयाने तोलून म्हटले आहे. हा बारकावा सोडू नका. २०१५ पासून सुरक्षा दलांच्या दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमानेच मनाई आहे.

रेश्मा, ऐरोली:
हे पटते, तरी माध्यमांना हिंसेचे मूळ कारण ठरवणे मला अन्यायाचे वाटते. कट आधीच शिजलेला असतो. शिवाय तो नियम वाहिन्यांपुरता आहे. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चमध्ये ५१ जणांचा बळी घेणाऱ्याने स्वतःच फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केले आणि पहिल्या २४ तासांत कंपनीला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. पुढे जर्मनीतील हाले आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील हल्लेखोरांनी तोच कित्ता गिरवला. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी हल्लेखोराचे नाव उच्चारणार नाही असे संसदेत सांगितले, ते मला योग्य वाटते.

अनिरुद्ध, घोडबंदर रस्ता:
पहलगामच्या हल्ल्यात आपल्याच जिल्ह्यातील डोंबिवलीच्या तिघांचा जीव गेला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मृतदेहांची छायाचित्रे फिरू लागली. ती काढण्याची विनंती केल्यावर, लोकांना सत्य कळायला नको का, असे उत्तर मिळाले. सत्य कळायलाच हवे. पण मृतांची संख्या, पोलिसांचे निवेदन आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक यांतून ते कळते, त्यासाठी कुणाच्या वडिलांचा रक्ताळलेला चेहरा कशाला हवा? मुलांना हेच विचारा, मेधाताई.